वाचकांचे प्रश्न : चितळं, कुरण आणि वाघ

या वेळी आलेल्या पत्रांत हरणांविषयीची पत्रं सर्वांत जास्त आहेत. कुणाला हरणं नकोशी झाली आहेत, कुणाला ती वाढवायची आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमचं गाव ताडोबाच्या बफरमध्ये (व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याभोवतालच्या पट्ट्यात) आहे. वाघ वाढले म्हणतात, मग चितळं कमी का होत नाहीत? हरभऱ्यात रोज वीस-पंचवीसचा कळप उतरतो.
– एक शेतकरी, भद्रावती तालुका

वाघ चितळांचं मूळ भांडवल संपवत नाही, त्यावरचं व्याज खातो. एक वाघ वर्षाला साधारण ५० मोठे प्राणी मारतो, म्हणजे आठवड्याला एक. भारतातल्या अभ्यासांवरून असं दिसतं, की वाघ आपल्या भागातल्या सावजांपैकी वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास उचलतो. म्हणून एका वाघामागे सुमारे ५०० सावजं असावी लागतात. जिथे वाघ टिकून आहे तिथे चितळं भरपूर असणारच. ती खरोखरच घटली, तर वाघ गावच्या गाईगुरांकडे वळेल.

चितळाची मादी पावणेआठ ते आठ महिने गाभण असते आणि एका वेळी एकच पाडस देते. कळप किती वाढेल हे दोन गोष्टींवर ठरतं: आईला काय खायला मिळतं आणि पाडस पहिलं वर्ष काढतं का. डिसेंबर-जानेवारीत जंगलातलं गवत वाळून त्यातला कस गेलेला असतो, आणि नेमका तेव्हाच तुमचा हरभरा हिरवागार असतो. शिवाय शेताच्या कडेला माणसांची वर्दळ असल्याने वाघ दिवसा तिथे फारसा थांबत नाही. उत्तम चारा आणि कमी धोका अशी दुहेरी सोय असल्यावर कळप दुसरीकडे जाईलच कशाला?

राखण कधी करायची हे नीट ठरवा. हरभऱ्याचे शेंडे पेरणीनंतर महिन्याभरात आपणही खुडतोच. त्या काळात चितळांनी शेंडा खाल्ला तर झाड फुटवे काढून बरंचसं सावरतं. फुलोरा आणि घाटे भरण्याच्या काळात मात्र गेलेलं परत येत नाही. मनुष्यबळ कमी असेल तर सगळी जागल त्या काळात लावा. तीन-चार शेजाऱ्यांनी पाळ्या बांधल्या तरच ती निभते. चितळ आडोशापासून फार लांब जायला बिचकतं, त्यामुळे जंगलाला लागून असलेल्या पट्ट्याला सर्वांत जास्त झळ बसते. त्या पट्ट्यात करडई, मिरची किंवा हळद घ्या आणि बांधावरची घाणेरी काढून टाका, म्हणजे लपायला जागा उरणार नाही.

नुकसान भरपाईसाठी घटनेपासून तीन दिवसांच्या आत वनरक्षकाकडे किंवा वनक्षेत्रपाल कार्यालयात अर्ज द्या. अर्ज रखडण्याची दोन नेहमीची कारणं म्हणजे उशीर आणि पुराव्याचा अभाव. खुरांचे ठसे, लेंड्या आणि खाल्लेली रोपं यांचे फोटो त्याच दिवशी काढा, आणि पंचनामा होईपर्यंत त्या तुकड्यात नांगर घालू नका. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.

प्रश्न : सौर कुंपण बसवलं. पहिल्या हंगामात उपयोग झाला, दुसऱ्या वर्षी रानडुकरं आणि रोही (नीलगायी) बिनधास्त आत. यंत्र तर चालू आहे.
– वरोरा तालुका

यंत्र चालू असणं आणि तारेत झटका असणं यात फरक आहे. कुंपणाच्या सर्वांत लांबच्या टोकाला झटका मोजण्याच्या मीटरने मोजा. तिथे ४ ते ५ हजार व्होल्ट मिळाले पाहिजेत. त्याहून कमी असेल तर पुढच्या क्रमाने शोध घ्या.

आधी तारेखालचं गवत बघा. पावसाळ्यात तारेला टेकलेली प्रत्येक ओली काडी थोडी थोडी वीज जमिनीत सोडते, आणि पाचशे मीटरमध्ये अशा हजारो काड्या असतात. तारेखालचा दोन फुटांचा पट्टा दर पंधरा दिवसांनी साफ करावा लागतो. ज्याला हे जमणार नाही त्याने कुंपणावर पैसे घालू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मग अर्थिंग. झटका प्राण्याच्या अंगातून जमिनीत आणि जमिनीतून यंत्रात परत गेला तरच लागतो. एक सळई ठोकून भागत नाही. किमान तीन गॅल्व्हनाइज्ड सळया, एकमेकींपासून तीन मीटरवर, ओल लागेल इतक्या खोल ठोकायच्या. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की सळईभोवती पोकळी होते. तिथे मीठ-कोळशाचं मिश्रण भरून अधूनमधून पाणी द्या. मुरमाड, कोरड्या रानात एक तार झटक्याची, एक अर्थिंगची अशी आलटून पालटून जोडणी करा, म्हणजे दोन तारांत घुसणाऱ्या जनावराला जमीन कोरडी असूनही झटका बसतो.

उंचीचं सांगायचं तर रानडुकरासाठी सर्वांत खालची तार जमिनीपासून २० ते २५ सेंटिमीटरवर हवी. तार त्याहून वर असेल तर ते नाक खाली घालून आत जातं. चितळ आणि रोहीसाठी वरची तार सहा फुटांपर्यंत हवी. यंत्र शेतात पीक नसतानाही चालू ठेवा. तार एकदा मेलेली सापडली की कळप ते शिकतो, आणि मग चालू तारेवरूनही उडी मारायला बघतो.

घरगुती २३० व्होल्टची लाइन तारेत सोडणं हा मात्र गुन्हा आहे. सौर यंत्राचा झटका सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरता असतो आणि मध्ये जवळपास सेकंदभराची उसंत असते, म्हणून प्राणी सुटून मागे होतो. थेट लाइनवर तो चिकटतो आणि मरतो. विदर्भात अशा तारांनी वाघही मेले आहेत आणि पाणी द्यायला निघालेले शेतकरीही.

प्रश्न : आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला आहे. त्यातल्या ४० एकरांत पूर्वी गवत होतं, आता घाणेरी आणि तरोटा माजला आहे. हरणांसाठी आणि गुरांसाठी कुरण परत आणता येईल का?
– ग्रामसभा सदस्य, गडचिरोली जिल्हा

येईल, पण तीन पावसाळे धरून चाला. आणि ४० एकर एकदम घेऊ नका. पहिल्या वर्षी दहा एकर पुरे. साफ केलेली जागा राखायला माणसं नसतील, तर पुढच्या वर्षी तिथे आधीपेक्षा दाट घाणेरी येते.

जागा निवडताना जुन्या पडीक शेतांना, उठलेल्या गावठाणाला किंवा नाल्याकाठच्या सपाटीला पसंती द्या. दाट सावलीत कसदार गवत येत नाही, आणि गवतासाठी झाडं तोडायची नसतात. डोंगरउताराला आणि बांबूच्या रांजींना हात लावू नका. सांबराला तोच आडोसा लागतो. सगळं रान मोकळं केलं की चितळं तेवढी वाढतात, सांबर आणि चौशिंगा निघून जातात.

घाणेरी वरून छाटली तर दुप्पट फुटते. ट्रॅक्टरने ओढली तर माती उलटते आणि खाली पडलेलं बी उगवतं. खोड जिथे मुळाला मिळतं त्याच्या खाली, म्हणजे जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर, मुख्य मूळ कुदळीने तोडायचं. तिला परत फुटायला लागणारे डोळे त्या जोडापाशी असतात. जोडासकट झुडूप निघालं की खालचं मूळ मरतं. तोडलेलं झुडूप उलटं, मुळं आकाशाकडे करून ठेवा, नाहीतर ओल्या मातीला टेकलेली फांदी मूळ धरते. हे काम पावसाने माती मऊ झाल्यावर, फळं धरण्याआधी करायचं. पुढची दोन वर्षं मोठ्या झाडांखाली खास लक्ष ठेवा. पाखरं फांदीवर बसून बी टाकतात, त्यामुळे नवी रोपं नेमकी तिथेच येतात. ती हातानेही उपटता येतात.

तरोटा आणि रानतुळस वर्षायू आहेत. तरोटा शेंगा धरण्याआधी, रानतुळस फुलण्याआधी काढली पाहिजे. ऑगस्ट हा त्यासाठी योग्य महिना. शेंगा आल्यावर उपटून ढीग घालणं म्हणजे पुढच्या वर्षीची पेरणीच. मातीतलं जुनं बी अनेक वर्षं उगवत राहतं, म्हणून सलग तीन वर्षं हे करावं लागतं.

बी बाजारातून आणू नका. पाच-दहा किलोमीटरच्या आतल्या चांगल्या गवताळ जागेवरून मारवेल, पवन्या, शेडा यांचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कणीस तपकिरी होऊन दाणे सुटू लागले की गोळा करा. सावलीत वाळवा, सुती पिशवीत कोरड्या जागी ठेवा. ताजं बी लगेच पेरलं तर उगवण फार कमी येते, कारण त्याला काही महिने सुप्तावस्था असते. जूनमध्ये पहिल्या चांगल्या पावसानंतर हेक्टरी ४ ते ५ किलो बी ओलसर मातीत मिसळून फेका. नुसतं फेकलं तर हे हलकं, केसाळ बी वाऱ्याने एका कोपऱ्यात जातं. वर बोटाच्या पेराहूनही कमी माती हवी. एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर उगवत नाही.

ठोंब लावले तर खात्री जास्त, पण ५० बाय ५० सेंटिमीटरवर लावायला एकरी १६ हजार ठोंब लागतात. म्हणून ठोंबांचे पट्टे आणि मध्ये बी, हा व्यवहार्य मार्ग आहे.

पहिले दोन पावसाळे गुरं बंद. इथेच बहुतेक कुरणं मरतात: गवत गुडघ्याएवढं झालं की गावात कुजबुज सुरू होते, एक जण गुरं सोडतो, मग सगळेच. त्याआधीच ग्रामसभेत ठराव करून कापून नेण्याचा हक्क वाटून द्या. कापणी बी गळल्यावर करायची आणि १० ते १५ सेंटिमीटर खुंट ठेवायचे. सगळं कुरण एकाच वेळी कापू नका. एक तृतीयांश दरवर्षी उंच राहू द्या. चितळाला आखूड, कोवळं गवत आवडतं, पण पाडसं लपतात उंच गवतात. मध्य प्रदेशातल्या कान्हात बारशिंगा १९७० च्या सुमारास ६६ वर आला होता. तो सावरला तो उंच गवताची राखण, गावांचं पुनर्वसन आणि शिकारी प्राण्यांपासून सुरक्षित कुंपण या तिन्हींमुळे. नुसतं कुंपण पुरलं नसतं.

दरवर्षी आग लावून 'नवा फुटवा' आणायची पद्धत सोडा. वारंवार जाळल्याने मारवेल हटतं आणि कुसळी, रोशा ही आगीला दाद न देणारी गवतं उरतात. ती कोवळी असतानाच काय ती खाल्ली जातात.

कुरण पेलतंय का हे कळायला तारेच्या जाळीचे दोन बाय दोन मीटरचे चार-पाच पिंजरे कुरणात ठेवा. नोव्हेंबर अखेरीस आतलं आणि बाहेरचं तेवढ्याच मापाचं गवत कापून, वाळवून तोला. बाहेरचं आतल्याच्या निम्म्याहून कमी भरलं, तर खाणारी तोंडं जास्त झाली आहेत. मग आधी गुरांच्या पाळ्या बदला.

प्रश्न : बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून आम्ही ११२ चितळं मोजली. मागच्या वर्षी ७४ होती. वाढ झाली असं म्हणता येईल का?
– निसर्गप्रेमी मंडळ, नागपूर

नाही. मे महिन्यात आजूबाजूचे नैसर्गिक झरे आटले असतील, तर त्याच संख्येची चितळं तुमच्या पाणवठ्यावर जास्त येतील. आदल्या आठवड्यात वळीव झाला असेल तर कमी येतील. शिवाय एकच कळप रात्री दोनदा येतो, आणि शेजारच्या मचाणावरही तोच मोजला जातो. ती रात्र जंगल अनुभवायला सुंदर असते. तिच्यातून संख्या मात्र मिळत नाही.

संख्येसाठी ठरावीक रेषेवर चालावं लागतं. दोन किलोमीटरची सरळ रेषा आखायची, उजाडताना दोघांनी हळू चालायचं, आणि कळप दिसला की तीन गोष्टी टिपायच्या: कळपात किती, आपल्यापासून किती अंतरावर, रेषेशी कोन किती. कळप ६० मीटरवर आणि कोन ३० अंश असेल, तर रेषेपासूनचं लंबांतर ३० मीटर. जितकं दूर तितकी हरणं नजरेतून सुटतात. ती किती सुटली याचा अंदाज या लंबांतरांवरून बांधतात. त्यासाठी एका जातीच्या किमान चाळीस नोंदी तरी हव्यात.

समजा वीस रेषा प्रत्येकी तीनदा चाललात, म्हणजे १२० किलोमीटर. ४५ कळप दिसले, आणि हिशेबाने प्रत्येक बाजूला ५० मीटरचा पट्टा परिणामकारक ठरला. तपासलेलं क्षेत्र १२ चौरस किलोमीटर झालं. चौरस किलोमीटरला पावणेचार कळप. सरासरी कळप सहाचा, तर साडेबावीस चितळं. गाडीरस्त्यावरून हे करू नका, कारण रस्त्याकडेच्या गवतामुळे चितळं तिथे मुळातच जास्त असतात.

मंडळाला एवढं जमणार नसेल तर निदान दरवर्षी एकाच महिन्यात, त्याच वाटांवर, शंभर माद्यांमागे किती पाडसं दिसतात ते टिपा. हे प्रमाण दोन-तीन वर्षं सतत घसरलं, तर चारा, कुत्री किंवा रोग यांपैकी काहीतरी बिघडलं आहे.

प्रश्न : आमच्या माळावर काळवीट आहेत. त्यांच्या सावलीसाठी आणि चाऱ्यासाठी पाच हजार झाडं लावायची योजना आहे. कोणती लावावीत?
– शाळेचे शिक्षक, करमाळा तालुका

सर, एकही लावू नका. मुलांचा उत्साह मोलाचा आहे, पण तो दुसऱ्या कामाला लावा. काळवीट उघड्या माळाचं जनावर आहे. शत्रूला लांबून पाहणं आणि पळणं एवढाच त्याचा बचाव. ग्लिरिसिडिया-सुबाभळीची दाट लागवड आणि समपातळी चर यांनी माळ तोडला, की लांडग्याला आडोसा मिळतो, गवत सावलीत जातं आणि काळवीट शेतात उतरतात. नान्नज आणि रेहेकुरी ही अभयारण्यं गवताळ म्हणूनच महत्त्वाची आहेत. (काळवीट हे खरं तर हरीण नव्हे, ते कुरंग. हरणाची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात, काळविटाची आयुष्यभर तीच राहतात.)

मुलांकडून करून घेण्यासारखी कामं वेगळी आहेत. माळालगतच्या कठडा नसलेल्या विहिरींची यादी करा. पाठलागात काळवीट त्यात पडतात. चार फुटी कठडा किंवा निदान मजबूत जाळीचं कुंपण पुरतं. प्लॅस्टिक कागदाच्या शेततळ्यात उतरलेल्या जनावराचे खूर घसरतात आणि ते दमून बुडतं. मीटरभर रुंद काथ्याची जाळी काठाला खुंट्यांनी बांधून तळापर्यंत सोडा, चारही बाजूंना. पाडसंही तिच्यावरून वर येतात.

सर्वांत मोठा शत्रू मात्र लांडगा नव्हे. लांडगा पिढ्यान्‌पिढ्या काळविटांबरोबर राहिला आहे. गावकुत्र्यांचं तसं नाही: त्यांना गावात खायला मिळतं, त्यामुळे सावज घटलं तरी कुत्री घटत नाहीत. शिवाय त्यांच्याकडून लांडग्या-खोकडांना डिस्टेंपर आणि रेबीज जातो. पोल्ट्रीतली मेलेली पाखरं माळावर टाकणं बंद करा. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण पंचायतीमार्फत मागा.

गवतात एकटं पाडस दिसलं तर उचलू नका. आई चरायला गेलेली असते, तिने त्याला मुद्दाम तिथे लपवलेलं असतं. लांब व्हा, कुत्री दूर ठेवा. जखमी असेल तरच वन विभागाला कळवा.

प्रश्न : जास्त झालेली हरणं पकडून वाघ असलेल्या जंगलात का सोडत नाहीत?
– तीन पत्रं

काही ठिकाणी सोडतात. मध्य प्रदेशात पेंचमधली चितळं 'बोमा' पद्धतीने पकडून सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये शाजापूर भागात हेलिकॉप्टरने हाकून आठशेहून अधिक काळवीट हलवले. बोमा म्हणजे नरसाळ्यासारखं आवार. रुंद तोंडाकडून आत येणाऱ्या दोन्ही भिंती अपारदर्शक कापडाच्या असतात, आणि अरुंद टोक थेट ट्रकला जोडलेलं असतं. प्राण्याला माणसाचा हात लागत नाही, आणि ट्रकमध्ये अंधार असतो.

एवढी काळजी घ्यायचं कारण असं, की पाठलाग करून, जाळं टाकून पकडलेलं हरीण अनेकदा त्या दिवशी ठणठणीत दिसतं आणि दोन-चार दिवसांनी मरतं. घाबरून केलेल्या धडपडीत स्नायू आतून फाटतात, त्यातला लाल पदार्थ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडं बंद पडतात. त्यावर खात्रीचा उपचार नाही. म्हणून गावकऱ्यांनी मिळून कळप घेरून 'पकडून देण्याचा' विचारही करू नये.

शिवाय ज्या शेतशिवारातून शंभर हरणं नेली तिथे चारा आणि आडोसा तसाच राहिला, तर उरलेल्यांची पाडसं जास्त जगतात आणि जागा भरते. जिथे सोडायची तिथे आधी गवत तपासावं लागतं. शिकारी प्राणी मुळीच नसलेल्या जागी सोडणं तर घातक: अंदमानात ब्रिटिश काळात नेलेल्या चितळांनी तिथल्या जंगलाची नवी रोपं वर येऊ दिलेली नाहीत.

प्रश्न : जंगलात पडलेलं सांबरशिंग घरी आणलं तर चालतं का?

नाही. आपोआप गळालेलं असलं तरी ते सरकारी मालमत्ता आहे, आणि जवळ बाळगणं वन्यजीव संरक्षण कायद्यात गुन्हा. शिवाय साळिंदर आणि इतर प्राणी ते कुरतडून त्यातलं कॅल्शियम मिळवतात.

प्रश्न : एडिसनजवळ राहतो. परसातली मेथी, टोमॅटो, गुलाब सगळं हरणं खातात. इथे त्यांना आवर का घालत नाहीत?
– न्यू जर्सी

तुमच्याकडचं हरीण पांढऱ्या शेपटीचं. चांगल्या खाण्यावर त्याच्या मादीला बहुधा जुळी होतात. तुमच्या भागातले लांडगे आणि कूगर (बिबट्यासारखं मोठं रानमांजर) माणसाने कधीच संपवले. आता कायोटी आणि काळं अस्वल पाडसं उचलतात, मोठ्या हरणांना मुख्यतः मोटारी आणि शिकारीच मारतात. तिथे परवान्याची शिकार हाच आवर घालण्याचा मुख्य मार्ग आहे, आणि त्यात माद्या मारल्या तरच संख्या उतरते; उरलेले थोडे नर सगळ्या माद्यांना पुरे पडतात. गर्भनिरोधक लस आहे, पण ती प्रत्येक मादीला पकडून किंवा लांबून डार्ट मारून टोचावी लागते, म्हणून मोकळ्या फिरणाऱ्या कळपात ती महागात पडते.

परसासाठी आठ फूट उंच जाळी लावा. पाच फुटी कुंपण ती उभ्या उभ्या ओलांडतात. अंड्याच्या वासाचा फवारा चालतो, पण दर मोठ्या पावसानंतर पुन्हा मारावा लागतो. मका, पाव घालू नका. थंडीत एकदम पिठूळ खाणं पोटात गेलं तर आम्लता वाढून हरीण मरू शकतं. हिरवळ आणि झाडी यांच्यामध्ये तीन फुटांचा लाकडी भुग्याचा किंवा खडीचा पट्टा ठेवा, म्हणजे लाइम आजार पसरवणाऱ्या गोचिडी अंगणात कमी येतात. बागकाम झाल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे, काखेत आणि केसांत रोज तपासा. चिकटलेली गोचीड चोवीस तासांच्या आत चिमट्याने सरळ ओढून काढली, तर लागण होण्याचा धोका खूप कमी होतो.